हुबेहूब पिंपळनेर, वजा पांझरा

आफ्रिकेची रणभूमी पाहायची असेल तर जळगाव स्टेशनावर पाचोऱ्याचं तिकीट काढावं. मी काढलं होतं, म्हणून सांगतो.

लढाईच्या वर्षांत मी असोद्याच्या शाळेत मास्तर होतो. दर आठवड्याला जळगावहून साप्ताहिक यायचं आणि संध्याकाळी मी ते पारावर मोठ्याने वाचायचो. त्यातल्या आघाडीवरच्या वार्ता 'रणसोबती' नावाचा कोणी वार्ताहर लिहायचा आणि मी त्याचा भक्त होतो. भक्त म्हणजे किती, तर बदलीच्या अर्जातसुद्धा मी त्याचं 'धुळीच्या लोटांतून वाट काढीत' हे वाक्य घातलं होतं. बदली झाली नाही, पण अर्ज वाचून साहेब दचकले असं शिपाई सांगत होता.

रणसोबतीची खुबी अशी की तो परका मुलुख परका ठेवायचाच नाही. वाळू गिरणेच्या पात्रातल्यासारखी. उजाड गाव बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच्या जामनेरसारखं. शत्रूच्या तोफा ज्या डोंगरावर, तो डोंगर म्हणजे थेट लळिंग. नकाशातली नावं कोणाला उच्चारता येत नव्हती, पण लढाई पारावरच्या सगळ्यांना डोळ्यांपुढे दिसायची. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं, आफ्रिकेला जाणं आपल्या नशिबी नाही, पण आफ्रिका ज्यांच्यासारखी आहे ती गावं तर आपलीच आहेत. बायकोने विचारलं, "लळिंगला बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "आघाडी." तिने पुढे काही न विचारता दशम्या बांधून दिल्या.

मी एकटाच निघणार होतो, पण गावातले नाना पिशवी घेऊन दारात उभे राहिले. नाना म्हणजे केळीवाले शेतकरी. त्यांचा मुलगा रघू लॉरी हाकायला शिकून फौजेत गेला होता. पत्रावर गावाचं नाव नसायचं, आणि आता कैक महिने पत्रही नव्हतं. पण नानांनी मनाशी पक्कं केलं होतं की जिथे रणसोबती तिथे रघू. त्यात मी एकदा पारावर वाचलं होतं की आघाडीवर जवानाला दिवसाला एक लहान डबा पाणी मिळतं, पिणं आणि तोंड धुणं त्यातच. त्या दिवसापासून रघूची आई, अक्का, दिवसभरात एकच तांब्या पाणी घेई. वैशाखातलं ऊन, घरामागे केळीला मोटेचं पाणी पाटाने धो धो जातंय, आणि ही बाई ओठ सुकवून बसलेली. वैद्य सांगून थकला. मी सांगितलं की वर्तमानपत्रातलं इतकं मनावर घ्यायचं नसतं, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

"तिले वाटते, त्याले पानी नही," नाना म्हणाले. "मी एकदा तठी जाऊन पाहतो. पानी आहे म्हनून सांगतलं म्हनजे पिईन ती."

"नाना, आपण जामनेरला चाललोय."

"तेच तं. तसंच आहे ना ते?"

मीच गेली दोन वर्षं तसंच आहे म्हणून गावाला पटवत होतो.

पाचोऱ्याला उतरून जामनेरची छोटी गाडी धरावी. ती सावकाश जाते, रुळावर शेळी आली की थांबते, आणि शेळीचा मालक आला की त्याच्याशी दोन शब्द बोलून निघते. खिडकीजवळ बसू नये, डोळ्यांत कोळसा जातो. आम्ही पोचलो तो नेमका बाजाराचा दिवस. माणसं, बैल, मिरचीचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. रणसोबतीचं उजाड गाव पाहायचं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं आलं. धर्मशाळेत जागा मिळते, पाठीखाली घालायला स्वतःचं काहीतरी न्यावं.

सकाळी मी ओस बाजारात उभा राहून कात्रणातला उतारा मोठ्याने वाचला. पेढीवरचा एक अडत्या ऐकत होता. जामनेरची तुलना बाँब पडलेल्या गावाशी केली आहे हे समजल्यावर तो खाली उतरला.

"ओस? आमचं जामनेर?" तो म्हणाला. "त्याले लिहा, कपाशीच्या दिवसांत ये म्हनाव. गाडी उभी कराले जागा भेटली तर माझं नाव बदलजो."

मी सांगितलं की त्याचा पत्ता माझ्याकडे नाही, तो लढाईवर आहे. अडत्या म्हणाला, मग लढाई आटोपली की लिहा. तेवढ्या वेळात नानांनी बाजार फिरून पाहिला होता. "वट्टे आहेत. निंबाची सावली आहे. पोरगं बसू शकते," ते म्हणाले. पाण्याचं विचारलं तर हौद होता, पण बैलांनी काल तळाला नेला होता.

इथे एक तक्रार नोंदवतो. रणसोबतीचं सैन्य एका रात्रीत जामनेरहून लळिंगला गेलं होतं. आम्हाला पाचोऱ्याला परत या, चाळीसगावला गाडी बदला, धुळ्याला उतरा, असं करताना दुसरा दिवस उजाडला. चाळीसगावच्या फलाटावर चहा बरा मिळतो. धुळ्यात शेवभाजी खावी, पण नाकाडोळ्यांतून पाणी आलं तर मला दोष देऊ नये. तिथून आग्रा रोडने टांगा करावा आणि भाडं बसण्याआधी ठरवावं, कारण लळिंगचा डोंगर दिसला की टांगेवाल्याला घोड्याची दया यायला लागते.

डोंगराच्या पायथ्याशी मी कात्रण हातात धरून तोफांच्या जागा शोधत होतो, तोच जंगलखात्याचा शिपाई आला. लढाईचे दिवस, दोन अनोळखी माणसं, हातात कागद. त्याचंही बरोबर होतं.

"आठे काय करी ऱ्हायनात?"

मी काही सभ्य उत्तर जुळवत होतो, पण नाना आधी बोलले. "तोफा कुठी लावल्या व्हत्या ते पाहू राहिलो."

शिपायाने कात्रण हिसकावून घेतलं. आता धुळ्याच्या चौकीवर जाणार म्हणून मी टोपी नीट केली. त्याने सगळं वाचलं, मान वर करून डोंगराकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "हाऊ लळिंग नही शे. हाई वर्नन सोनगीरनं शे."

मग आमचं जे जुंपलं ते विचारू नका. रणसोबती चुकेल हे मला मान्य नव्हतं आणि लळिंगचा कडा कोणी सोनगीरच्या किल्ल्याला द्यावा हे त्याला मान्य नव्हतं. शेवटी पुरावा म्हणून तो आम्हाला वर घेऊन गेला, कड्यावर पालथा पडला, एक डोळा मिटला आणि खालच्या रस्त्यावरच्या बैलगाडीवर नेम धरला. बराच वेळ पडून राहिल्यावर म्हणाला, "आठून बी जमी जाई."

मी जिंकलो होतो, पण नानांकडे पाहून हसू आलं नाही. ते खाली रस्त्याकडे पाहत होते. "अठी तोफ लागली तर खालच्याची धडगत नही," ते हळूच म्हणाले. शिपायाला काय ते समजलं असावं. त्याने विषय बदलून आम्हाला किल्ल्यावरचं पाण्याचं टाकं दाखवायला नेलं. टाक्यात वाळलेली पानं आणि एक सरडा होता. "आखाजी व्हयनी का आटी जास," अक्षय्य तृतीयेनंतर टाकं कोरडंच, असं तो ओशाळून म्हणाला. नानांनी आत वाकून सरड्याकडे खूप वेळ पाहिलं. उतरताना त्यांनी एकदाही विसावा मागितला नाही, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

आता राहिलं होतं पिंपळनेर. रणसोबतीने शेवटच्या वार्तेत लिहिलं होतं: 'आमचा मुक्काम सध्या ज्या खोऱ्यात आहे ते म्हणजे हुबेहूब पिंपळनेर, वजा पांझरा.' पांझरा म्हणजे पिंपळनेरची नदी, तेवढी नाही. हे वाक्य नानांनी माझ्याकडून पारावर पुन्हा पुन्हा वाचून घेतलं होतं.

धुळ्याहून साक्रीमार्गे मोटार आहे. पेट्रोल मिळत नसल्याने ती तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे शेगडीसारखं धूड बसवलेलं, ते क्लीनर सळईने ढोसायचा आणि गाडी खोकत निघायची. चढ आला की ड्रायव्हर म्हणायचा, "उतरा, चढाव शे." आम्ही उतरायचो, ढकलायचो, पुन्हा बसायचो. पांढरे कपडे अजिबात घालू नयेत. पिंपळनेरला उतरलो तेव्हा एक बाई आम्हा दोघांना पाहून पोराला ओढत निघून गेली.

आम्ही थेट नदीवर गेलो. वाटेत मी नानांना समजावत होतो की नदी आपल्याला धरायची नाही, ती वजा आहे, तिच्याकडे पाठ करून बाकीचं पाहायचं. ती मेहनत फुकट गेली. वैशाखात पांझरा आपली आपणच वजा झाली होती. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती तापलेली वाळू. रणसोबतीचं इतकं अचूक दर्शन मला सगळ्या प्रवासात घडलं नव्हतं, आणि मला ते मुळीच नको होतं.

नाना काठावर मटकन बसले. "तिले काय सांगू?" म्हणाले. मीही बसलो. अक्काचे फुटलेले ओठ मला दिसत होते आणि खिशातली कात्रणं फेकून द्यावीशी वाटत होती.

तेवढ्यात दोन बाया हंडे घेऊन पात्रात उतरल्या. वाळूत खड्डा होता, त्यात बसून एक वाटीने पाणी भरू लागली. आपल्याकडे कोरड्या नदीत झिरा खणतात, तोच. नाना ताडकन उठले.

"मास्तर, नदी वजा केली त्यानं. वाळू केली का?"

मी कात्रण काढून पाहिलं. वाळू वजा नव्हती.

"रघू गिरणेत झिरा खांदून मोठा झाला," असं म्हणत नाना पात्रात उतरले. त्या बाया ओरडल्या, "बाबा, आमना झिरामा चिखल करू नका, पानी जोयजे व्हई ते मांगी ल्या." पण नानांना मागायचं नव्हतं. त्यांनी बाजूला बसून हातांनीच वाळू उपसायला घेतली. मीही उपसली. कोपरापर्यंत हात गेले तेव्हा वाळू ओली लागली, मग गढूळ पाणी आलं, मग निवळलं. नाना ओंजळभर प्यायले, मला पाजलं आणि आपला फिरकीचा तांब्या काठोकाठ भरून झाकण घट्ट बसवलं.

परतीच्या वाटेत तो तांब्या त्यांच्या मांडीवरून हलला नाही. चाळीसगावला एका प्रवाशाने घोटभर मागितलं तर म्हणाले, "हे आघाडीवरचं आहे." तो माणूस दुसऱ्या डब्यात जाऊन बसला.

घरी अक्का दाराशीच होती. नानांनी सांगितलं, "नदी नही. पन झिरा लागते, मी खांदून पाह्यला. हात-दीड हातावर." तिने तांब्या घेतला, वास घेतला. "पिंपळनेरचं ना हे?" "हो." ती उभ्याउभ्याच सगळा तांब्या प्यायली. नंतर आत जाऊन माठातलंही प्यायली. तिच्या घोटांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, आणि नाना ओट्यावर बसून उपरण्याने डोळे पुसत होते. मला तेव्हा रणसोबतीचे पाय धरावेसे वाटले.

रणसोबती कोण होता ते मला कधीच कळलं नाही. कात्रणं अजून ट्रंकेत आहेत. कोणाला हा प्रवास करायचा असेल तर वैशाखातच करावा. एरवी पांझरेला पाणी असतं आणि आफ्रिका दिसत नाही.

लढाई संपल्यावर रघू परत आला, धडधाकट. वेशीपासून घरापर्यंत येताना त्याला झिऱ्याची गोष्ट, हात-दीड हातासकट, चौघांनी सांगितली होती. त्याच्या ओट्यावर सगळा पार जमला. रघू सांगत होता, तो आघाडीवर गेलाच नव्हता. सगळी लढाई एका बंदरात, फौजेच्या लॉऱ्या धूत. हातात रबरी नळी, दिवसभर पाणीच पाणी. "पायाले चिखल्या झाल्या माझ्या," म्हणाला.

नानांनी विचारलं, "अन् पानी कुठून येत व्हतं?"

"पानी? नळाले..." रघू बोलायला लागला, तर अक्काने भरलेला तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "आधी पानी पी," म्हणाली.

रघू प्यायला. पिताना त्याने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "झिऱ्याचं, नाना. हात-दीड हातावर लागे."

नानांनी पारावरच्या एकेकाकडे पाहिलं. अक्काने रिकामा तांब्या उचलला आणि पुन्हा भरायला आत गेली.