माझ्या बंगालीचा सीटी स्कॅन

माझा मेंदू जागेवर आहे, आणि याचा माझ्याकडे फोटोसकट पुरावा आहे. आमच्या ओळखीत असा पुरावा दुसऱ्या कोणाकडेही नाही. आमच्या साहेबांकडे तर नाहीच नाही!

झालं असं. बँकेच्या बदलीनं आम्ही कोलकात्यात आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. एका शनिवारी मी आणि माझी लेक रेवा एस्प्लनेडला छत्री घ्यायला गेलो होतो. फूटपाथवरच्या दुकानदाराशी भाव जमेना, म्हणून मी मान ताठ करून बाणेदारपणे वळलो (देवानं सहा फूट उंची दिली, ती कुठे वापरायची ते सांगितलं नाही), आणि त्याच्या ताडपत्रीचा आडवा बांबू खाडकन कपाळावर बसला. डोळ्यांपुढे काजवे! कपाळाला खोक! क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना. दुकानदार इतका घाबरला की मी म्हणेन त्या भावात छत्री द्यायला तयार झाला. पण रेवानं मला टॅक्सीत कोंबलं, जवळच्या नर्सिंग होममध्ये आणलं आणि आईला फोन लावला.

रेवा वाढली इथेच, त्यामुळे तिची मराठी बंगालीच्या कडेवर बसून फिरते. आणि बंगालीत डोकं फुटत नाही, फाटतं.

"आई, बाबाचं फाटलं!"

"अगं बाई! कुठे?"

"समोरच! मधोमध! सगळे लोक बघत होते! लोकेशन पाठवते, लवकर ये!"

सॉल्ट लेकहून माझी बायको अनुजा मेट्रोनं निघाली ती पिशवीत माझी इस्त्रीची पँट घेऊनच!

इकडे रेवा बाहेर काउंटरवर फॉर्म भरत होती, आणि आत डॉक्टरबाईंनी जखम साफ करता करता विचारलं, "की होयेछे?" काय झालं, एवढाच प्रश्न. हिंदीत उत्तर दिलं असतं तर दहा मिनिटांत घरी असतो. पण मला बंगालीची खुमखुमी. बंगाली माणूस पाणी खातो, सिगारेटही खातो, म्हणजे बांबूही खातच असणार, असा तर्क लढवून मी ठणकावलं, "आमी बाँश खाबो!"

'खाबो' म्हणजे 'खाईन', हे मला नंतर कळलं.

बाईंनी हातातला कापूस खाली ठेवला. अगदी मायेनं विचारलं, "एखोन?" म्हणजे, आत्ता?

"हँ!" मी होकार देत कपाळाकडे बोट दाखवलं. "खूब!"

तेवढ्यात अनुजा आली. माझी पट्टी पाहून ती मटकन खाली बसली. पँट मात्र हातातच. डॉक्टरबाईंनी तिला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, "ये बांग्ला कैसी बोलते हैं?"

"एकदम फर्स्ट क्लास!" अनुजा डोळे पुसत म्हणाली. "ऑफिस में सबसे बांग्ला में ही बात करते हैं!"

(हे तिला कोणी सांगितलं होतं, ते विचारू नका.)

झालं! बाई गंभीर झाल्या, टॉर्च मारून माझी बुबुळं तपासली. मार तसा किरकोळ आहे, पण इतकी छान भाषा अशी एकाएकी जाते म्हणजे आत रक्तस्राव नाही ना हे बघायलाच हवं, म्हणाल्या. सीटी स्कॅन!

आता मीही टरकलो. खरंच काही गेलं असेल तर? स्कॅनच्या खोलीबाहेर मी मनातल्या मनात एकोणतिसाचा पाढा म्हणून पाहिला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, आणि पुढे अंधार! दरदरून घाम फुटला. मग आठवलं, पुढचा पाढा मला कधी येतच नव्हता. (हे आमच्या झोनल ऑफिसला कळू नये, ही विनंती.)

यंत्रात डोकं ठेवल्यावर तंत्रज्ञ म्हणाला, "नोडबेन ना!" हलू नका. मला तंतोतंत कळलं! कळलं हे त्यालाही कळावं म्हणून मी जोरजोरात मान हलवली. त्यानं कपाळावर हात मारला आणि माझं डोकं पुन्हा नीट बसवलं.

रिपोर्ट आला. रक्तस्राव नाही, हाडाला तडा नाही. अनुजानं हात जोडले. डॉक्टरबाई मात्र कोड्यात.

"सगळं तर ठीक आहे. मग यांचं बोलणं असं कधीपासून झालंय?"

बाई आता एमआरआयचा विचार करतायत हे दिसत होतं.

"बदली होऊन आलो," मी हिंदीत पुटपुटलो, "तेव्हापासून."

पहिल्यांदा हसली रेवा. मग बाई. अनुजा हसावं की पँट फेकून मारावी या विचारात काही वेळ होती, पण शेवटी तीही हसली. उलटी झाली, डोकं फार दुखलं किंवा नको तितकी झोप यायला लागली तर लगेच परत या, नाहीतर नुसता आराम करा, असं सांगून बाईंनी आम्हाला घरी धाडलं.

घरी अनुजानं मऊ भात तूप-मेतकूट कालवून पुढे ठेवला आणि मला पलंगावरून हलू दिलं नाही. इतकं बरं वाटलं, की मी आजारपण जरा लांबवायच्या विचारात होतो.

"बाबा, मी शिकवते तुला बंगाली," रेवा म्हणाली.

"नको गं. मेंदूला ताण द्यायचा नाही, असं डॉक्टर म्हणाल्यात."

"तुझ्या मेंदूला कुठे ताण होतो? तो ऐकणाऱ्याला होतो!"

आता मी पूर्ण बरा आहे. फक्त शेजारपाजारच्यांशी बोलताना मी "आमी..." म्हणून सुरुवात केली, की अनुजा मोबाईलचा टॉर्च लावून आधी माझी बुबुळं तपासते!