घड्याळाला एक खोकला, अंगठीला दोन

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या बँकेत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. नागपूरहून बदली होऊन लखनौला आले तेव्हा इथल्या ‘पहले आप’ने तो निवळेल असं आईला वाटलं होतं. निवळला नाही. उलट समोरचा जितका नम्र, तितका माझा पारा वर. तरीही अशी बाई एका जादूगाराची सहायक झाली, तीही आपण होऊन. आजही आठवलं की मीच कपाळावर हात मारते.

तेलीबागेत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि खाली घरमालक काका-काकू. दोघं मूळचे आपल्याकडचेच. काका इथल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले, पण ही त्यांची ओळख तुम्ही त्यांच्यासमोर सांगायची नाही. ते जादूगार. पूर्वी कारखान्याच्या क्लबात, रेल्वेच्या वसाहतींत, गावोगावच्या नुमाइशीत, म्हणजे प्रदर्शनांत, त्यांचे खेळ व्हायचे. पोस्टरवर नावाआधी ‘प्रोफेसर’ असायचं आणि नावाखाली ‘सोबत रहस्यमयी सहायिका’. ही रहस्यमयी म्हणजे काकू. त्या दिवसभर मेथी निवडायच्या आणि संध्याकाळी रहस्यमयी व्हायच्या.

त्यांचा गाजलेला खेळ एकच. काकू डोळ्यांवर काळी पट्टी बांधून स्टेजवर खुर्चीत बसायच्या. काका प्रेक्षकांत फिरत कुणाची तरी वस्तू हातात घ्यायचे, आणि काकू ती न बघता ओळखायच्या. गुपित खोकल्यात होतं. घड्याळाला एक खोकला, अंगठीला दोन, चष्म्याला खोकला आणि घसा खाकरणं, पेनाला नुसतं नाक ओढणं. अशा सेहेचाळीस वस्तूंची वही काकांनी स्वतः लिहिली होती. तीत तपकिरीची डबी होती, पानाचा डबा होता, बाळाचं दुपटंसुद्धा होतं. काळाबरोबर राहायचं म्हणून शेवटच्या पानावर ताजी भर होती : पॉवर बँक, दोन लहान खोकले आणि एक उसासा.

दोन वर्षांपूर्वी काकूंनी जाहीर केलं की आपले कान गेले, आता खोकला ऐकू येत नाही, खेळ बंद. काकांनी लगेच कानाचं मशीन आणलं. काकूंनी ते जिऱ्याच्या डब्यात ठेवलं.

मग काका एकटेच खेळ करू लागले. आमच्या मराठी मंडळात दर संक्रांतीला स्नेहमेळावा असतो आणि त्यात काकांची वीस मिनिटं वर्षानुवर्षं ठरलेली. पहिल्या वर्षी त्यांच्या हातातून पत्ते सांडले. हात थरथरायचे ना आताशा. दुसऱ्या वर्षी टोपीतून रुमाल यायचे ते आलेच नाहीत, आणि काका टोपीत डोकं घालून त्यांना शोधत बसले. या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी स्वतः घरी आले. “देखिए काका,” मराठी माणूस, पण मीटिंगचं बोलायचं म्हटलं की हिंदीत शिरतात, “पब्लिक बोअर होते. या वेळी बारा मिनिटं देतो. नाही जमलं, तर पुढच्या वर्षीपासून तंबोला.”

तंबोला, म्हणजे आपली हाउजी! माणसानं चार दशकं लोकांना थक्क करायचं आणि त्याच्या जागी कुणी तरी ‘दो मोटी औरतें, अठ्ठ्याऐंशी’ ओरडणार. काका सेक्रेटरींना दारापर्यंत सोडून आले आणि अंगणात उभेच राहिले. मी जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होते. मला इतकी चीड आली की तोंडातून निघून गेलं, “काका, मी बसते खुर्चीत!” म्हणतात ना, आ बैल मुझे मार.

तेरा वर्षांची माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, “मम्मी, आप मैजिशियन की असिस्टेंट? सीरियसली? प्लीज किसी को बताना मत कि आप मेरी मम्मी हो.”

रविवारी उन्हाला बसून गच्चीवर तालीम सुरू झाली. काका खोकायचे, मी वही न बघता वस्तू सांगायची. मी पाठांतरात पक्की, पण घोळ निराळाच निघाला. जानेवारीतलं लखनौचं धुकं छातीत बसतं आणि काकांना खराच खोकला झाला होता. आता खरा कुठला आणि धंद्याचा कुठला, हे ओळखायचं कसं?

“अंगठी,” मी म्हणायची.

“अगं नाही, तो माझा होता.”

“मग सांगा ना तसं!”

“स्टेजवर कसं सांगू?”

“काकू कसं ओळखायच्या?”

“तिला कळायचं,” काका म्हणायचे आणि विषय बदलायचे.

मी खाली जाऊन काकूंनाच विचारलं. बहिऱ्या माणसाला विचारतो तसं ओरडून विचारलं. त्या म्हणाल्या, “ओरडू नकोस गं, कान किटले.” मग एकदम सावरून म्हणाल्या, “काय म्हणालीस?” मी मनात म्हटलं, ही बाई बहिरी असेल तर मी राज्यपाल. त्या दिवशी चहा त्यांनी कपाच्या बाजूला ओतला, पोह्यांत मीठ दोनदा पडलं, पायांत दोन रंगांच्या चपला होत्या. वय झालं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. निघताना त्यांनी मला आपली जुनी काळी पट्टी दिली. “हीच बांध, नवी शिवू नकोस. आणि स्टेजवर घाबरलीस तर डोळे उघड.” मला वाटलं, धीर देताहेत.

कार्यक्रम निशातगंजच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. उखाणे झाले, नाट्यगीत झालं, लहान मुलांचं कोळीगीत झालं. त्यातल्या एकाही मुलानं समुद्र पाहिलेला नव्हता. मग आमचं नाव पुकारलं. काकांनी चमकीचा कोट घातला होता, तो आता खांद्यांवरून ओघळत होता. मी नऊवारी नाही, गाऊन नाही, बँकेत नेसते तीच साडी नेसून गेले. रहस्य असेल तर असेल, नसेल तर नसेल.

पट्टी बांधली. मी डोळे गच्च मिटून घेतले. काका खाली उतरले आणि खोकले. चार वेळा.

“पानाचा डबा,” मी खणखणीत सांगितलं.

हॉल हसला. काकांच्या हातात कुणाचा तरी मोबाइल होता, हे मला हसण्यावरून नाही, एका पोराच्या ओरडण्यावरून कळलं. काकांनी दुसरी वस्तू घेतली आणि त्यांना उबळ आली. खो खो खो, खाकरणं, नाक ओढणं, परत खो खो. मी काय करणार? जे जे ऐकू आलं ते ते सांगत सुटले. “घड्याळ! अंगठी! नाही, चष्मा! पेन, छत्री, बाळाचं दुपटं!” मागून कुणी तरी म्हणालं, “अरे, आंटी तो पूरी दुकान गिना रही हैं!” सेक्रेटरींचा आवाजही आला, तंबोल्याची तिकिटं छापायला कुठे स्वस्त पडतात याची चौकशी चालली होती. देवा रे! मला वाटलं, काका इथेच कोसळणार आणि पाप माझ्या माथी येणार. मी घाबरले. आणि घाबरून डोळे उघडले.

समोर अख्खा हॉल लख्ख दिसत होता.

पट्टीचं कापड मधोमध झिजून विरलं होतं. विरलं कसलं, दोन्ही डोळ्यांपुढचे धागे सुईनं एकेक करून काढले होते, मेथी निवडावी इतक्या निगुतीनं. म्हणजे चार दशकं काका खोकत होते आणि काकू सरळ बघून सांगत होत्या! सेहेचाळीस खोकल्यांची ती वही त्या बाईनं उघडलीसुद्धा नसणार. मला हसू फुटलं, ते मी दात दाबून आत ढकललं.

मग मी सुटलेच. काकांनी मफलर उचलला. “लाल मफलर, एका टोकाला भोक.” तिळाची वडी उचलली. “तिळाची वडी, अर्धी खाल्लेली.” एकाचं ओळखपत्र. “ओळखपत्र, फोटोत केस जास्त आहेत!” लोक उठून टाळ्या वाजवू लागले. काका खोकायचे विसरले तरी मी सांगतच होते. माझी मुलगी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, “वो मेरी मम्मी हैं.”

इथे थांबायला हवं होतं. पण टाळ्या म्हणजे काकांना वारं प्यायल्यासारखं होतं. त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, “आता एकदा, फक्त एकदा, माझी मूळची सहायिका!”

काकू पुढच्या रांगेत होत्या. “मला ऐकू येत नाही हो,” त्या म्हणाल्या, पण हळदीकुंकवाच्या बायका कुठल्या ऐकायला! चौघींनी मिळून त्यांना स्टेजवर चढवलं. पायऱ्या चढताना काकू प्रत्येक पायरी चपलेनं चाचपून बघत होत्या. मी खुर्ची सोडली, माझी पट्टी त्यांना बांधली. काकांनी सेक्रेटरींच्या खिशातून कंगवा काढला, उंच धरला आणि खोकले.

काकूंनी मान वर केली आणि त्या बघू लागल्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे. काका उभे होते दुसऱ्या बाजूला.

तेव्हा मला एकेक आठवलं. चहा, मीठ, चपला, पायऱ्या. कान नाही, डोळे गेले होते या बाईचे! आणि ते सांगता येत नव्हतं, कारण डोळ्यांवर तर पट्टी असते. डोळे गेले म्हणून खेळ बंद म्हटलं असतं, तर बघत होते हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून कानांवर ढकललं. नवऱ्याचा खोकला खोटा ठरू नये म्हणून ही बाई दोन वर्षं आंधळेपण दाबून बसली होती.

“घड्याळ,” काकू हळूच म्हणाल्या. अंदाजपंचे, आणखी काय.

हॉलमध्ये सगळ्यांना कंगवा दिसत होता. कुणी तरी हसायला लागलं. मी काकांकडे बघितलं. ते काकूंच्या त्या पिंपाकडे वळलेल्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, कंगव्यावर टाकला, म्हणाले, “ती घड्याळ म्हणते, तर घड्याळच,” आणि रुमाल ओढला. हातात घड्याळ होतं. हात एवढासासुद्धा थरथरला नव्हता. हॉल अक्षरशः डोक्यावर घेतला लोकांनी. सेक्रेटरी तेवढे “मेरा कंघा? मेरा कंघा?” करत राहिले, आणि त्या गडबडीत पुढच्या वर्षीची वीस मिनिटं कबूल करून बसले.

काकूंना बायकांनी तिळगुळासाठी घेरलं आणि काकांनी मला ओढत व्हरांड्यात नेलं. त्यांचे डोळे भरले होते.

“तिला दिसत नाही,” ते म्हणाले.

“हो काका. वाईट वाटलं मला. आपण उद्याच—”

“अगं, दिसत नाही तिला!” त्यांचा चेहरा असा फुलला होता, की नातू झाल्याची बातमी असावी.

मी चिडले. “अहो, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करावं लागेल. ही काय पेढे वाटायची गोष्ट आहे?”

तेव्हा ते सांगू लागले. काकू पट्टीतून बघतात हे त्यांना फार पूर्वीच कळलं होतं. एकदा ते तापात सगळंच चुकीचं खोकले, पाकिटाला छत्री खोकले, तरी काकूंनी पाकीटच सांगितलं.

“मग इतकी वर्षं खोकत काहून राहिलात?”

“थांबलो असतो तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. ओशाळली असती बिचारी.”

“आणि कानाचं मशीन?”

“कान गेले म्हणाली ना ती. तिचा शब्द राखायला नको?” मग ते भिंतीला टेकले. “पण मला माहीत होतं ना, कानांचं काही कामच नव्हतं. मग मी काय समजायचं? मला वाटलं, कंटाळली. इतकी वर्षं त्याच खुर्चीत, त्याच माणसासमोर. कुणीही कंटाळेल. आता नको झालोय मी, तोंडावर कसं सांगणार, म्हणून कान पुढे केले. दोन वर्षं हेच धरून बसलो होतो मी. आणि तिला नुसतं दिसत नव्हतं गं!”

त्यांनी चमकीच्या बाहीनं डोळे पुसले, बाहीतून सेक्रेटरींचा कंगवा खाली पडला, तो त्यांनी उचलला.

“ऑपरेशन झाल्यावर बसेल का परत माझ्याबरोबर?”

“मला काय विचारता? त्यांना विचारा.”

काका एकदम लहान झाले. हॉलच्या दाराकडे बघितलं, आत बायकांच्या घोळक्यात काकू कुठे तरी हसत होत्या.

“आणि नाही म्हणाली तर?”

मला असा संताप आला म्हणून सांगू! मी त्यांचा हात धरला, त्या बायकांमधून सरळ वाट काढली आणि त्यांना काकूंच्या समोर, अगदी जवळ, त्यांना दिसतील इतक्या जवळ उभं केलं आणि म्हटलं, “विचारा.”