चौथीचं कोरं पुस्तक

निजामाच्या अमदानीत आष्टीच्या शाळेतल्या भुजंग मास्तरांना दोन गोष्टींचा भारी अभिमान: वर्गाचा एका सुरातला आवाज आणि कपाटातली कोरी पुस्तकं. पुस्तकांना पोरांचे हात लागू नयेत म्हणून किल्ली करगोट्याला. तपासणीला शाळाखात्याचे मोहतमीम साहेब आले की कपाट उघडायचं, साहेबांनी "वाह, बिलकुल नयी!" म्हणायचं आणि मास्तरांनी त्यावर वर्षभर छाती फुगवायची.

या सुखात पहिलीतल्या गोजरनं खोडा घातला. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून पोरगी अशी सुटली होती, की वर्ग पहिल्या ओळीत अडखळत असताना तिचा धडा संपलेला असे.

"गोजरे, पुढं पळायचं न्हाई! सगळ्यांसंगं, एकेक अक्षर!" मास्तर छडी आपटत. पोरगी ऐकणारी. तिनं ऐकलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिचा बाप मच्छिंद्र आला. "मास्तर, धाकट्याला सांभाळाया घरी कुणी न्हाई. साहेबानं पोरीला एकदम चौथीत बसवलं, वरसात शाळा उरकणार आसंल, तर राहू देतो. न्हाईतर शाळा बंद."

"बिनघोर ऱ्हा," मास्तर म्हणाले. "उद्या बघच कशी वाचती ते!"

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर गोजर उभी राहिली. पुस्तकावर बोट ठेवलं. "ब... द... क. बदक." मग थांबून तिनं वर्गाकडं पाहिलं, बाकीचे त्या शब्दापर्यंत येईस्तोवर.

"जल्दी, गोजरे, जल्दी," मास्तर कुजबुजले. गोजर आणखीच सावकाश झाली.

"ठीक है," साहेब उठले. "पहली की पहलीच है."

मच्छिंद्रानं पोरीचा हात धरला. दारातून ती वळली. "मास्तर, बराबर वाचलं ना? जरा बी पुढं न्हाई पळाले."

मास्तरांचे कान तापले. टोपी मेजावरच राहिली आणि ते धोतर सावरत उघड्या डोक्यानं साहेबांच्या छकड्यामागं धावले. "साहेब! चूक पोरीची न्हाई. मीच तिला अडवून ठेवलं. चौथीचं पुस्तक देऊन बघा."

साहेब परत आले, त्यांच्यामागं दारात थबकलेले बाप-लेकही आत आले. कपाटातलं कोरं पुस्तक निघालं. गोजरनं वर्गाकडं पाहिलं, मग मास्तरांकडं.

"पळ," मास्तर म्हणाले.

पहिलं पान तिनं एका दमात संपवलं. पान उलटायला गेली, तर उलटेना. छापखान्यातून आली तशीच जोडलेली पानं, कडेनं कापलेलीच नव्हती. साहेबांनी पुस्तक पाहिलं, उरलेलं कपाट पाहिलं, मग मास्तरांना पाहिलं. मास्तरांना जमिनीत शिरावंसं वाटलं, पण शाळेची जमीन फरशीची.

"मास्तर, ये तो किसीने खोलीच नहीं." साहेबांनी खिशातला चाकू पुढं केला.

मास्तर खाली बसले. मान खाली, डोकं उघडं. पान कापलं. गोजरनं वाचलं. पुन्हा कापलं, पुन्हा वाचलं.

"चौथी," साहेब म्हणाले.

मच्छिंद्रानं पोरीचा हात सोडला. गोजरचं तिकडं ध्यानच नव्हतं. पुढचं पान अजून जोडलेलं होतं आणि मास्तर चाकू धरून तिच्याकडंच बघत राहिले होते.

"मास्तर," ती म्हणाली, "जल्दी की!"