हळदीच्या गाण्यातले बाबा

माझे वडील जिवंत असताना फारशा लग्नांना जात नसत. गर्दी, जेवणाची रांग, नातेवाइकांची उणीदुणी, यातलं काहीच त्यांना सोसत नसे. वारल्यापासून मात्र ते दर लग्नसराईत कुठे ना कुठे हळदीला असतात. कधी घणसोलीला, कधी उरणकडे, मागे एकदा तर दिघ्याला. हे मी थट्टेने लिहीत नाही. त्यांना तिथे बोलावणं गेलेलं असतं आणि ते माझ्या आत्याच्या आवाजात गेलेलं असतं.

आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी गावांत लग्नाचे विधी धवलारीण चालवते आणि त्या विधींची गाणी म्हणजे धवले. हळद दळताना एक, लावताना दुसरा, मांडवात तिसरा. त्यांना ठेका नसतो. हळद लावणारा हात जसा चालेल तसा धवला चालायचा. हात थांबला की आत्याही थांबायची, पदराने घाम पुसायची, कुणाला तरी दटावायची आणि सोडलं होतं तिथून पुन्हा उचलायची.

त्यातला एक धवला बोलावण्याचा. हळदीच्या संध्याकाळी घरातल्या देवांना आणि गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलवायचं, की या, तुमच्या घरी लग्न आहे. प्रत्येक घराची नावं वेगळी, म्हणून आत्या आधी त्या घरातल्या म्हातारीपाशी बसून सगळी विचारून घ्यायची. जो अगदी अलीकडे गेला असेल त्याचं नाव सगळ्यांत आधी. त्याला अजून रस्ता ठाऊक नसतो, असं ती म्हणे. आणि लग्न लागून गेल्यावर, देवक उठवताना, दुसरा धवला म्हणायचा, पाठवण्याचा. आलात, पोरांवर हात ठेवलात, आता आपापल्या ठिकाणी जा. तोही नावं घेऊन. तो ऐकायला कुणी नसायचं. पाहुणे पांगलेले, घरची माणसं थकून जिथे जागा मिळेल तिथे आडवी झालेली. आत्या एकटी उभी राहून तो पूर्ण म्हणायची. लहानपणी मी तिच्याबरोबर जायचे, पण त्या वेळेपर्यंत मीही कुठेतरी सतरंजीवर पेंगत असे.

पुढे गावांभोवती शहर उभं राहिलं, शेतं गेली, गल्लीत इमारती चढल्या आणि लग्नापेक्षा हळद मोठी झाली. आधी बँजो पार्टी आली, मग डीजे. जुनं ते सोनं म्हणत गळा काढणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्यापैकी एकही जण धवले ऐकायला कधी बसला नव्हता. मला स्वतःला हळदीत नाचायला आवडतं, अजूनही. छातीत धडधडणारा तो आवाज दिवसभराचं ऑफिस अंगातून झटकून टाकतो. लोकांना जे हवं होतं ते त्यांनी घेतलं, त्यात कुणाचा गुन्हा नाही. एवढंच झालं की धवलारणीला आता मोजून मापून वेळ मिळायचा, जेवणं उरकेपर्यंत. मग कुणीतरी म्हणायचं, "मावशी, आता आटपा, डीजेवाला थांबलाय."

डीजेवाला बहुतेक वेळा तिचाच मुलगा असायचा.

माझा हा आतेभाऊ मनाने वाईट नाही, उलट आत्याच्या आवाजावर जीव टाकणारा गावात तोच एक. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्याने ठरवलं की आईचे धवले रेकॉर्ड करायचे. कोपरखैरण्याला त्याच्या मित्राने एका खोलीत भिंतींना फोम लावून स्टुडिओ केला होता. आत्या नवं लुगडं नेसून गेली, मी सोबत होते. तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि त्यात टिकटिक सुरू केली. त्या टिकटिकीवर गा, असं तिला सांगितलं.

"हळद कोन लावतंय?" तिने विचारलं.

"कोणी नाही गं आई. नुसतं गा."

तिला जमेना. शेवटी टिकटिक बंद केली. मग नावांपाशी ती पुन्हा अडली. मुलगा म्हणाला, "नावं नको घेऊ, नुसती चाल म्हण."

"नाव नसल तं कुनाला बोलवू? वाऱ्याला?"

आणि तिने डोळे मिटून माझ्या बाबांचं नाव घेतलं. तिच्या मनात घर एकच होतं आणि त्या घरातून नुकताच गेलेला माणूस म्हणजे तिने कडेवर वाढवलेला धाकटा भाऊ. नावावर तिचा आवाज फाटला. काचेपलीकडे आतेभावाने माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. मला त्याचा राग आला नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, आणि आवाज खरंच तसा लागला होता.

पुढचं त्याने घरी लॅपटॉपवर केलं. धवला कापून, ताणून ठेक्यात बसवला, सूर सरळ केले, फक्त तो फाटलेला आवाज तसाच ठेवला. तो त्याने चार वेळा लागोपाठ घेतला. बाबांचं नाव, पुन्हा नाव, पुन्हा नाव, आणि चौथ्या वेळी खालून बेस धाडकन कोसळतो. गाणं तुफान चाललं. त्या सराईत आमच्याकडे अशी हळद झाली नसेल जिथे ते वाजलं नाही. पोरंपोरी मोबाइलसमोर त्यावर नाचून व्हिडिओ टाकू लागली. धवला कशाला म्हणतात हे त्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, त्यामुळे ते नाव नायिकेच्या प्रियकराचं असणार अशी त्यांची समजूत. मुली छातीवर हात ठेवून लाजत त्याला बोलवायच्या. माझे बाबा, सकाळी चष्मा शोधायला घर डोक्यावर घेणारे, रिटायर झाल्यावर बनियनवर ओट्यावर बसणारे, सगळ्या नवी मुंबईचे प्रियकर झाले. मी पोट धरून हसले होते. मला वाटलं, बघा बाबा, शेवटी काय नशीब काढलंत.

आत्याही आधी खूश होती. गल्लीत गाणं लागलं की भाजी निवडता निवडता मान डोलवायची. मग एका सकाळी ती माझ्याकडे आली. मी डबा भरत होते.

"काल तलवलीला गाना वाजत होता," ती म्हणाली. "त्यांनी बोलवला त्याला. पाठवला कोनी?"

मला कळायला वेळ लागला.

"त्याला कोनी सांगलाच नाय गो, लगीन सरला म्हनून. बसून ऱ्हायला असल परक्याच्या मांडवान. तुना तं ठाव हाय, त्याला गर्दी सोसत नाय."

मी देवभोळी नाही. गेलेलं माणूस कुठे येत-जात नाही, असं मी तिला सांगू शकले असते. पण गर्दी सोसत नाही हे ऐकलं आणि मला ते दिसले. रिकाम्या खुर्च्यांमध्ये, चपला हुडकत, कुणाला विचारायचं म्हणून संकोचत. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

तिने मुलाला सांगितलं, गाण्याच्या शेवटी पाठवण्याचा धवला जोड. तो हसला नाही, त्याने नीट समजावलं. गाणं शेवटपर्यंत हल्ली कुणी ऐकत नाही. नावावरचा तेवढा तुकडा वाजतो आणि पुढचं गाणं लागतं. व्हिडिओत तर तेवढाच असतो. शिवाय हळदीत रडकं गाणं लावलं तर लोक डीजे बंद करतील. "मग नाव काढ त्याचा," आत्या म्हणाली. तेही शक्य नव्हतं. त्याने आपल्याकडचं काढलं असतं, पण एव्हाना दहा जणांनी त्याची दहा गाणी केली होती, आणि ती कुठे कुठे गेली होती हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग आत्याने आपल्यापुरता मार्ग काढला. कुठे हळदीला गाणं वाजलं हे कळलं की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या मांडवात जायची. रिक्षाने, बसने, कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून. बोलावणं नाही, ओळख नाही. एका कोपऱ्यात उभं राहायचं, हळू आवाजात भावाचं नाव घेऊन पाठवण्याचा धवला म्हणायचा आणि परत यायचं. लोकांना वाटायचं म्हातारी उरलंसुरलं जेवायला आली. कुणी पत्रावळीवर बुंदी आणून द्यायचं. ती घ्यायची, कारण नाही म्हटलं तर भांडण झालं असतं आणि धवला राहिला असता.

आतेभावाला ह्याची फार लाज वाटली. "लोक मला तोंडावर बोलतात, तुझी आई मांडवामांडवात फिरते," तो ओरडला. ती म्हणाली, "तू बोलवतंस, मी पाठवतंय. तू बोलवाचा बंद कर."  त्यानंतर जमेल तेव्हा तोच तिला गाडीतून सोडायला लागला. गाडी जरा लांब उभी करून आत बसून राहायचा.

दिघ्याला मी तिच्यासोबत होते. इमारतीच्या आवारात लग्न झालं होतं, मराठवाड्यातून आलेलं बौद्ध कुटुंब. त्यांच्यात देवक नसतं. आत्या गोंधळून उभी राहिली. जिथून पाठवायचं ती जागाच नव्हती. नवऱ्या मुलीची आई खुर्च्या एकात एक रचत होती. तिने आत्याला बसवलं, कशासाठी आलात ते विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"आमच्यात नसतंय तसलं," ती म्हणाली, "पण भाऊ हाय म्हणता ना तुमचा? मग म्हणा की. मी बसते."

आणि ती खरंच बसली, हातातलं काम टाकून, धवला संपेपर्यंत. आत्याच्या सगळ्या आयुष्यात पाठवण्याचा धवला पूर्ण ऐकणारी ती पहिली बाई असेल. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते, माझं सगळं लक्ष त्यातच. घरी येऊन लावलं तर रस्त्यावरच्या टेम्पोचा हॉर्न स्वच्छ ऐकू येत होता, पोरांची किलबिल येत होती, आणि आत्याचा हळू आवाज फोनने खरखर समजून पुसून टाकला होता. पुन्हा म्हण म्हटलं तर ती घरात म्हणायला तयार नव्हती. घरात तो म्हटला तर घरातलं माणूस निघतं, म्हणाली. मी म्हटलं, बरं, पुढच्या मांडवात घेऊ.

पुढची सराई यायच्या आत तिचे गुडघे गेले, मग श्वास. अंथरुणावर असतानाही गल्लीत गाणं लागलं की ती उठायला बघायची. शेवटच्या आठवड्यात तिला फार बोलता येत नव्हतं. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "जाशील ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ती गेल्यावर महिनाभराने आतेभाऊ लॅपटॉप घेऊन आला. डोळे सुजलेले. म्हणाला, आता असं निघालंय की आईच्या आवाजात काहीही म्हणवता येतं. आहे तेवढ्या रेकॉर्डिंगवरून यंत्र शिकून घेतं, खोकलासुद्धा तिचा वाटतो. "पाठवण्याचा धवला करू आपण. मी स्वतः सगळीकडे टाकतो. लोकांनी ऐकला नाही तरी चालेल. तू फक्त शब्द दे."

माझ्याकडे शब्द नव्हते. त्याच्याकडेही नव्हते. आम्ही आळीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, दोन गावं पालथी घातली. बोलावण्याचा धवला सगळ्यांना पाठ होता, शाळेत जाणाऱ्या पोरांनासुद्धा, ठेक्यासकट. पाठवण्याचा एकीलाही येत नव्हता. कुणाला पहिली ओळ अर्धी आठवायची, कुणाला नुसती चाल. आतेभाऊ माझ्या ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. आईचा आवाज त्याच्या हातात होता आणि त्याला म्हणायला देण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात आमच्या मागच्याच आळीत लग्न झालं. हळदीला गाणं वाजलं. खिडकी लावून घेतली तरी बेस भिंतीतून येतोच. त्याच्यावर आत्याचा आवाज आला, बाबांना बोलावणारा, पुन्हा पुन्हा, फाटलेला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता मी तिथे गेले. खांद्याला पर्स, हातात डबा. मांडववाले कापड सोडवत होते. घरच्या बाईने मला ओळखलं, चहा घेतेस का विचारलं. मी नको म्हटलं आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. धवला मला येत नव्हता, म्हणून मी रोजच्यासारखंच बोलले. बाबा, लग्न नीट पार पडलं. तुमचं इथलं काम झालं. निघा आता, सावकाश जा. बाबांना माझं बोलणं कळायचं, मी काय म्हणतेय ते त्यांना पुरेसं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की हळदीपासून त्या मांडवात तीही होती, बाबांना बोलावणारा आवाज तर तिचाच होता. मी आत्याला हाक मारली आणि पुढे मला काही सुचेना. तिला विधीशिवाय, शब्दांशिवाय, अर्धवट काही चाललं नसतं; आणि तिला पाठवायचे शब्द तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हते.