ओळ खाली येते
आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारी ती मुलगी कधी बेल वाजवत नाही. "काकू, आहात ना?" अशी आईला हाक मारत थेट आत येते आणि कशालाही हात लावण्याआधी तो ओढणीला पुसते. नाव ठेवायला जागाच नाही, तेच मला खुपतं.

माझा कथासंग्रह मी आईच्या ई-रीडरवर पीडीएफ करून टाकला होता. अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जायची, मग आई तो ठेवून द्यायची. हिने माझी वर्डची फाईल मागितली आणि चहा निवायच्या आत तिचं ईपब, म्हणजे ई-रीडरसाठीचं पुस्तक, करून दिलं. "आता हवं तेवढं मोठं करा काकू, ओळ आपोआप खाली येते."

काल आईने शेवटची कथा संपवली. मी समोरच बसलो होतो. डोळे पुसत म्हणाली, "तिला बोलाव रे. पुस्तक किती आवडलं ते सांगायचंय तिला."