टाक्यावरची ओळ

माझ्या पप्पांनी दोन हजार वर्षं जुना शिलालेख घासून पुसून टाकला. हे लिहायला मी ते जाईपर्यंत थांबले. आता लिहितेच आहे तर हेही सांगते, की त्या पापात माझा वाटा त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत डीबरिंगला होते. ओतीव भागांच्या कडांना राहिलेली धातूची कुसळं घासून काढायची, आणि बोटाला काही लागेनासं झालं की भाग पुढे सरकवायचा. रिटायर झाल्यावर देहूरोडच्या विहारात रविवारी धम्मलिपीचा, म्हणजे ब्राह्मी लिपीचा, वर्ग भरायचा, तिथे ते जाऊन बसू लागले. अडीच हजार वर्षांपूर्वीची बाराखडी साठीनंतर गिरवणाऱ्या माणसाची मी यथेच्छ थट्टा केली. "पप्पा, गृहपाठ झाला का?" ते हसायचे आणि पेन्सिलीला टोक करायचे.

वर्गातली मंडळी मावळातली लेणी बघत हिंडायची. अशाच एका डोंगरावर बाकीचे डबे उघडून बसले असताना पप्पा एका कोरड्या पडलेल्या पाण्याच्या टाक्यात डोकावले. वर कपारीखाली एक ओळ होती. डोळ्यांना जवळजवळ दिसतच नव्हती, पण त्यांच्या बोटांना लागली. तीस वर्षं त्या बोटांनी दुसरं केलं काय होतं? वर्ग घेणाऱ्या सरांनाही ती ओळ ठाऊक नव्हती.

त्यांनी तिथूनच मला फोन केला. "अगं, बाईचं नाव हाय! तिनं टाकं दान दिलंय. मी वाचलं, मी!" मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. नाव त्यांनी दोनदा सांगितलं. मी "हो का, छान" म्हटलं आणि माइक चालू करून माझ्या कामाचा महिन्याचा आकडा सांगितला. नाव माझ्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून गेलं.

त्यांच्या मोबाइलमध्ये नुसता काळा दगड आला होता. माझा मोठा कॅमेरा ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये कपाटात पडून होता. "येशील का रविवारी? सकाळचं तिरकं ऊन पडलं की अक्षरं उठतात," ते म्हणाले. पुढच्या रविवारी, म्हटलं. असं चार वेळा म्हटलं. एकदा काम होतं, एकदा पाहुणे होते, आणि दोनदा मला नुसतं झोपायचं होतं.

शेवटी माझंच मन मला खायला लागलं. ओळखीतून जुन्या लिप्या शिकवणाऱ्या एक मॅडम शोधल्या. त्या पाचव्या रविवारी यायला तयार झाल्या. गुरुवारी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढी मोठी बाई येनार? मग तयारी करायला पायजे."

कंपनीत बाहेरचे साहेब तपासणीला येणार असले की आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून चकाचक करायचं, ही त्यांची जन्माची सवय. कळकट भाग साहेबापुढे ठेवायचा नसतो. शनिवारी ते एकटेच डोंगर चढले. पिशवीत तारेचा ब्रश होता.

रविवारी मॅडमनी कपारीखाली टॉर्च तिरका धरला आणि दगडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. दगड राखाडी, ताजा दिसत होता. एका टोकाला दोनतीन अक्षरं उरली होती. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. गावातली पोरं असतील, म्हणावं. तोवर पप्पा पुढे झाले होते.

"मी, मॅडम. तुमी येनार म्हनून."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं, की दगडाचा वरचा थर कुजलेला असतो, अक्षरं त्या थरातच असतात. ओळ सापडली त्या दिवशी वहीत उतरवून घेतलेली नक्कल पप्पांनी दाखवली. ती त्यांनी नीट पाहिली. म्हणाल्या, काका, यातली निम्मी अक्षरं दोनतीन तऱ्हेनं वाचता येतील. एखादा फोटो आहे का? पप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यात कॅमेरा होता.

उतरताना ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, मळ हाय." घरी आल्यावर वहीतलं ते पान त्यांनी फाडून टाकलं. वर्गाला जाणं बंद केलं. मी जा म्हणाले, रागावले, रडलेसुद्धा. ते टीव्ही बघत राहिले.

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी धीर करून विचारलं, "पप्पा, त्या बाईचं नाव काय होतं?" ते आठवू लागले. ओठ हलायचे, पुन्हा थांबायचे.

"न्हाई येत," ते म्हणाले. "मी खरंच वाचलं व्हतं का गं?"

"वाचलं होतं पप्पा. नक्की वाचलं होतं."

"तुला काय म्हाईत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू कुठं आलतीस बघायला."