साठाव्या वाढदिवसाला ऐंशीचे फुगे

लेस्टरच्या हॉस्पिटलमधल्या लॅबची नोकरी मी सोडली त्याच वर्षी मला साठ वर्षं पूर्ण होत होती. ब्रिस्टलला राहणाऱ्या आमच्या मुलीने आम्हा दोघा नवरा-बायकोला ऱ्हाइन नदीवरची आठ दिवसांची क्रूझ बुक करून दिली. पाचव्या दिवशी माझा वाढदिवस होता.

आदल्या संध्याकाळी क्रूझ मॅनेजरने सगळ्यांना लाउंजमध्ये बोलावलं. पाऊस नाही, पुढे नदीला पाणी कमी, आपली बोट जाणार नाही, असं तिने सांगितलं. उथळ पट्ट्याच्या पलीकडे कंपनीची अगदी अशीच दुसरी बोट होती. उद्या तिचे प्रवासी इकडे येतील आणि आपण कोच बसने तिकडे जाऊ. "केबिनचा नंबरही तोच राहील," ती म्हणाली. "तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही."

ह्यांचा चेहरा मात्र पडला. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, बॅगा परत भरायच्या."

दुसऱ्या दिवशी दोन तास कोचमध्ये बसून आम्ही त्या बोटीवर पोचलो. तेच कार्पेट, पलंगाच्या वर भिंतीवर तीच द्राक्षमळ्यांच्या फोटोची फ्रेम. मी सवयीने पलंगाखाली चपला शोधल्या आणि मग आठवलं, की त्या अजून न आलेल्या बॅगेत आहेत. सकाळी ज्या खोलीतून निघाले तिथेच परत आल्यासारखं वाटत होतं, आणि तरी खिडकीबाहेर वेगळंच गाव होतं.

खुर्चीला दोन चंदेरी फुगे बांधलेले होते. एक आठ आणि एक शून्य. शेजारच्या कार्डावर इंग्रजीत ऐंशीव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.

"अहो, हे काय?"

"हे मी नाही सांगितलं," ते म्हणाले.

"मग काय सांगितलं होतंत?"

तेव्हा ते कबूल झाले. साठचे फुगे, संध्याकाळी बिनअंड्याचा केक आणि एक पाकीट, सगळं त्यांनी दोन दिवस आधी पहिल्या बोटीवर ठरवून ठेवलं होतं. ते तिथेच राहिलं.

आम्ही खाली रिसेप्शनवर गेलो. तिथल्या मुलीने यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "या केबिनमध्ये ऐंशीवा वाढदिवस आहे, मॅडम. तुम्ही खूपच छान दिसता." ती चेष्टा करत नव्हती. हे हसले. मला हसू आलं नाही. मी मनातल्या मनात जन्मसालापासून वर्षं मोजत होते.

मग तिच्या लक्षात आलं, की ही नोंद या केबिनमधल्या आधीच्या प्रवाशाची आहे. तिने आमच्या पहिल्या बोटीला फोन लावला आणि जरा वेळाने रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे एक म्हातारे इंग्रज गृहस्थ होते.

"मला इथे साठचे फुगे मिळालेत," ते सावकाश म्हणाले. "तुमचे आहेत का?"

"हो. मला आज साठ झाली."

"म्हणजे मला ऐंशीच झाली ना?"

"यादीत तरी ऐंशी लिहिलंय."

"बरं झालं. हल्ली माझं विसरायला होतं. बायको होती तेव्हा तिला विचारायचो. आता सगळे इतक्या खात्रीने साठ म्हणाले, की मला वाटलं माझंच चुकतंय."

मी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्यांनीही मला दिल्या.

"एक पाकीट पण आहे," ते म्हणाले. "माझंच समजून उघडलं, माफ करा. मला न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिलंय. बरंच आहे, पान भरून."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहून दिलेलं नाही. ते पलीकडच्या भिंतीवरचा नकाशा बघत होते.

पाकीट मी रिसेप्शनवर ठेवतो, ते तुम्हाला पाठवतील, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ऐंशीसाठी केलेला चॉकलेट केक आला. वेटर्सनी गाणं म्हटलं, आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेकांना मी ऐंशीचीच वाटले असणार. अंडं असेल म्हणून मी तो खाल्ला नाही. ह्यांनी दोन तुकडे खाल्ले.

पाकीट आलं नाही. लेस्टरला परतल्यावर मी कंपनीला दोनदा ईमेल केली. असं काही सापडलं नाही, असं दोन्ही वेळा उत्तर आलं. ह्यांनाही विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, आठवत नाही. नंतर एकदा स्वयंपाकघरात भांडी पुसताना परत विचारलं, तेव्हा हातातलं ताट खाली ठेवून म्हणाले, "बोलून दाखवता आलं असतं तर लिहिलं कशाला असतं?"

ते चिडले होते की लाजले होते, मला नक्की सांगता येणार नाही.